अकरा मीटर

पिवळा उन्हात मरतो.
हे मला कुठल्या कला महाविद्यालयात शिकवलं नाही,
माझगावच्या उतारावर, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता
ओढणीच्या सावलीत मोबाइल धरून शिकले.
घरी हळदीसारखा लखलखणारा माझा थेंबोबा
इथे नुसता पुसट डाग,
कुणी तेलकट बोट पुसल्यासारखा.

मग निळा घेतला, गडद. कडेला जाड काळी रेघ.
पोट बेडकाचं, नाकाच्या जागी पितळी तोटी,
पाठीवर शेवाळ, ते मात्र खरं, प्याऊवरूनच उचललेलं.
खेळ संध्याकाळी पाचनंतरचा, तेव्हा ऊन भायखळ्याकडून येतं,
म्हणून सावली गोदीकडे टाकली.

असे सतरा.
सतरा जागा, सतरा जीव, प्रत्येकाला तीन ओळींचं कोडं,
एकशे वीस अक्षरांत,
त्यातली निम्मी 'रस्ता जपून ओलांडा' खाऊन टाकतं.
एक जागा नौदलाच्या भिंतीपलीकडे पडली, ती वगळली.
एक थेट कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीत.
उपग्रहाला मजले कळत नाहीत.
वीस हजार किलोमीटरवरून त्याला ही मुंबई
चटईसारखी अंथरलेली दिसत असेल,
सगळे शेजारी शेजारी झोपलेले,
कुणी कुणाच्या डोक्यावर नाही.

थेंबोबाचा प्याऊ मात्र पक्का होता.
दगडी, कोरडा, तोटी चोरीला गेलेली,
कट्ट्यावर नळदुरुस्तीची पत्रकं चिकटवलेली.
(हे कोड्यात घातलं नाही. कुणाला खरं वाटलं नसतं.)

खेळ सुरू झाला. तिसऱ्या दिवशी बघायला गेले तर
पोरंपोरी प्याऊकडे पाठ करून उभी,
फोन रोखलेले पलीकडच्या
चावीवाल्या भिकाजी मोंडकरांवर.
बिंदू सरकला होता. अकरा मीटर.
नव्या टॉवरच्या काचांवर आपटून सिग्नल वाकडा येतो,
असं ओजस म्हणतो.

मोंडकरांनी नवा सदरा घातला होता.
केस विंचरलेले, चाव्यांचे जुडगे मापानुसार टांगलेले.
"गो बाय," मला म्हणाले, "कालपासना फोटो काढतत माझो.
पेपरात येतलो काय?"

खोटं बोलता आलं असतं.
फोन पुढे केला.
थेंबोबा त्यांच्या मांडीवर बसला होता, कानशीच्या शेजारी,
सावली गोदीकडे, बरोबर.
त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला,
पितळी नाकावर नखाने टकटक केलं.
"ह्या नळाक चाकी नाय. पाणी सुटतला कसा?"
आणि मग, कुणी सांगितलं नसताना,
आपल्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतून
गुडघ्याशी ठेवलं.

त्या रात्री मी चाकी रेखाटली.
त्याच रात्री ओजसने बिंदू दुरुस्त केला.

शनिवारी गर्दी प्याऊपाशी.
मोंडकर एका कुलपावर वाकलेले, जुना सदरा.
वर न बघता विचारलं, "गेलो?"
"पलीकडे आहे," म्हटलं. "रस्त्याच्या त्या बाजूला."
"थंय?" कानस थांबली. "थंय पाणी नाय."

आता फॉर्म उघडून बसले आहे.
नवे अक्षांश, नवे रेखांश, दशांशानंतर सहा आकडे,
आणि शेवटी लाल फुलीचा, भरल्याशिवाय पुढे न सोडणारा रकाना:
कारण.
लिहिते, इथे पाचनंतर सावली असते.
लिहिते, रस्ता ओलांडावा लागत नाही.
दोन्ही खरं आहे. दोन्ही खोडते.
'झाकणभर पाणी' एवढंच ठेवते,
आणि 'पाठवा' दाबायच्या आधी
चाकीची रेघ जराशी
जाड करते.